नमुना फेरिक आहे, तरी १३५८ला खांदा कुठून आला?

सोरेट_४०३

हीम (मधोमध लोह असलेलं पॉर्फिरिनचं कडं) असलेल्या एन्झाइमवर काम केलेलं कुणी इथे असेल तर जरा मदत करा. मी मुळात बायोकेमिस्ट. प्रथिन बनवणं, शुद्ध करणं, कायनेटिक्स काढणं यात हात बसलाय, पण रामन यंत्रासमोर (लेझरच्या विखुरलेल्या प्रकाशातून बंधांची कंपनं वाचणारं) बसायला लागून जेमतेम दोन महिने झालेत.

एन्झाइम म्हणजे वनस्पतीतलं एक पेरॉक्सिडेज, जिवाणूत तयार केलेलं, हिस-टॅगवर (निकेल कॉलमला चिकटणारी हिस्टिडीनची शेपटी) शुद्ध केलेलं. शोषण स्पेक्ट्रममध्ये सोरेट पट्टा (हीमचा सगळ्यात ठळक शोषण पट्टा) ४०३ नॅनोमीटरला, ६४०च्या आसपास तो बुटका उंचवटाही आहे. म्हणजे फेरिक (लोह Fe³⁺), हाय-स्पिन (लोहाचे जास्तीत जास्त इलेक्ट्रॉन जोडीविना). आरझेड (सोरेट आणि २८० नॅनोमीटरच्या शोषणाचं गुणोत्तर, शुद्धतेची खूण) ३च्या थोडा वर. रंग तपकिरी. इथवर सगळं झकास.

रामनला क्रिप्टॉन लेझरची ४०६.७ची रेषा लावली. नमुन्यावर साधारण १० मिलिवॉट, साधी एनएमआर ट्यूब, जागच्या जागी उभी. पहिल्या दोन मिनिटांच्या स्कॅनमध्ये १३७३ वेव्हनंबरला (रामनमध्ये कंपनं मोजायचं एकक) एकच देखणं पीक. वीस मिनिटांची बेरीज केली की त्याच पीकच्या डाव्या अंगाला १३५८ला खांदा फुटतो. (व्याकरणाने 'पिकाच्या' हवं, पण तसं लिहिलं की शेतात उभं असल्यासारखं वाटतं.) कॅलिब्रेशन इंडीनने (ज्याच्या रेषा आधीच ठाऊक आहेत असा द्रव) केलंय, त्यामुळे यंत्र सरकलं असेल असं वाटत नाही. १४९०च्या शेजारी १५०५लाही काहीतरी बारीकसं आहे, ते सध्या सोडून दिलंय.

लॅबमधला मित्र म्हणतो नमुन्यात भेसळ आहे, पुन्हा शुद्ध कर. चार दिवसांचं काम आहे हो ते. करू का?

बेसलाइन_हरवली

करू नका. १३७३ फेरिकचं, १३५८ फेरसचं (Fe²⁺, एक इलेक्ट्रॉन जास्त). तुमचा लेझरच लोहाचं क्षपण करतोय. पॉवर उतरवा, ट्यूब फिरती ठेवा, मग बघा.

जुनी_पेरॉक्सिडेजवाली

वरच्यांनी नेमकं सांगितलंय. मी जरा लांबण लावते. तुला 'तू' म्हणते, चालेल ना?

१३७३ची रेषा, जिला आपण न्यू-४ म्हणतो, ती लोहाची नव्हेच. ती पॉर्फिरिन कड्यातल्या कार्बन-नायट्रोजन बंधांची. लोह फेरस झालं की त्याच्याकडचे इलेक्ट्रॉन थोडे कड्याच्या वरच्या, बंध सैल करणाऱ्या कक्षकांत झिरपतात. बंध ढिले पडतात, रेषा १५-एक वेव्हनंबर खाली उतरते. म्हणजे कड्याकडे बघून आपण लोहाची प्रकृती ओळखतो. एवढी स्वस्त आणि मस्त खूण दुसरी नाही.

आता गोम कुठे आहे बघ. प्रथिनात हजारो कंपनं असतात, तरी तुझ्या स्पेक्ट्रममध्ये फक्त हीमच दिसतं. का, तर लेझरचा रंग सोरेट पट्ट्यात बसवलाय, त्यामुळे भर सभेत एकट्या हीमच्याच हाती माइक आहे. पण त्या रंगाचा प्रकाश हीम शोषतं म्हणूनच ही वाढ मिळते, आणि शोषलेली ऊर्जा कुठेतरी जाणारच. काही वेळा ती आसपासचा एखादा इलेक्ट्रॉन लोहावर आणून बसवते. ज्या गुणासाठी हे तंत्र वापरायचं, त्याच गुणाचा हा दोष. संयुग-१ (पेरॉक्साइडशी गाठ पडल्यावर बनणारी एन्झाइमची अल्पजीवी अवस्था) तर याला इतकं नाजूक की १९८०च्या दशकात त्याच्या रामन स्पेक्ट्रमवर बराच खल झाला: दिसतंय ते संयुग-१, की लेझरने बिघडवलेलं काही?

स्वतःची फजिती सांगते. पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी मला एक 'नवी अवस्था' सापडली होती. थोडी फेरस, थोडी फेरिक, आणि दर वेळी प्रमाण तेच. सात आठवडे तिच्यावर घालवले, गाइडला आलेख दाखवले, शीर्षकसुद्धा ठरवून ठेवलं होतं. एका रात्री खोलीत नेहमीची घरघर ऐकू येईना. ट्यूब फिरवणाऱ्या मोटरचा रबरी पट्टा सैल होऊन नुसताच घसरत होता, ट्यूब ढिम्म उभी. बाहेर काढून दिव्यासमोर धरली तर काचेला आतून तिळाएवढा पांढुरका ठिपका. प्रथिन तिथे शिजून चिकटलं होतं. आणि प्रमाण दर वेळी तेच का, तर पॉवर दर वेळी तीच आणि स्कॅनही तेवढ्याच मिनिटांचे! पट्टा केव्हापासून सैल होता देव जाणे. तेव्हापासून माझा नियम: मोजणीच्या आधी आणि नंतर त्याच ट्यूबचा शोषण स्पेक्ट्रम घ्यायचाच.

तू एवढं कर. १, ३ आणि १० मिलिवॉटला तेच मोजमाप घे, एकदा ट्यूब फिरती, एकदा स्थिर. नमुन्यात थोडं सोडियम सल्फेट घाल. ९८१ची त्याची रेषा लेझरमुळे बदलत नाही, तिच्याशी बाकीच्यांची उंची ताडून बघता येते. खांदा पॉवरबरोबर वाढला तर तो लेझरचा. पॉवर काहीही असो, तेवढाच राहिला तर मात्र मित्राची माफी मागावी लागेल.

आणि ते १५०५ सोडून देऊ नकोस गं! मला तर खांद्यापेक्षा त्याचीच काळजी वाटते. १४९० म्हणजे हाय-स्पिन, लोहाला पाचच शेजारी. १५०५ म्हणजे लो-स्पिन, सहावा कुणीतरी येऊन बसलाय. निकेल कॉलमवरून प्रथिन इमिडाझोलने उतरवलंस ना? नंतर डायलिसिस (पडद्याच्या पिशवीत ठेवून बफर बदलत लहान रेणू धुऊन काढणं) किती वेळा?

सोरेट_४०३

ताई, एकदाच. तेही रात्रभर ठेवून सकाळी घाईत उचललं.

जुनी_पेरॉक्सिडेजवाली

मग झालं तर. इमिडाझोल म्हणजे हिस्टिडीनचंच डोकं. लोहाची सहावी जागा मोकळी दिसली की ते बसतं. तीन वेळा बफर बदल, मग बोलू.

सोरेट_४०३

सहा दिवसांनी येतेय. डायलिसिस तीनदा केलं, १५०५ गेलं. ट्यूब फिरती ठेवून १ मिलिवॉटला ४० मिनिटं बेरीज केली, १३७३ स्वच्छ, खांदा नाही. मग मुद्दाम ट्यूब थांबवून १० मिलिवॉट सोडले आणि समोर बसून राहिले. चौथ्या मिनिटाला १३५८ वर यायला लागलं. फिरवणं सुरू केलं की पुन्हा खाली. मित्राला बोलावून दाखवलं. तो म्हणाला, "मी तर गंमत करत होतो."

आता पुढचा प्रश्न. फेरस करून लोह-हिस्टिडीन बंधाची (हिस्टिडीन म्हणजे लोहाला धरणारं प्रथिनातलं अमिनो आम्ल) रेषा बघायचीय. ४०६.७लाच दिसेल का?

जुनी_पेरॉक्सिडेजवाली

मित्र मोठा वकील होईल.

४०६.७ला हाती फारसं काही लागणार नाही. फेरस झाल्यावर सोरेट ४३७च्या आसपास सरकतो, तेव्हा हेलियम-कॅडमियमची ४४१.६ची रेषा लाव. डायथायोनाइट (लोह फेरस करणारं रसायन) घालायच्या आधी नायट्रोजन सोडून ऑक्सिजन पुरता हाकल.

ही रेषा माझी फार आवडती. मायोग्लोबिनमध्ये ती २२०ला येते, हॉर्सरॅडिश पेरॉक्सिडेजमध्ये २४४च्या आसपास. लोह तेच, हिस्टिडीन तेच. फरक मागच्या बाजूला: पेरॉक्सिडेजमध्ये हिस्टिडीनच्या पाठीशी अ‍ॅस्पार्टेट हे ऋणभारित अमिनो आम्ल असतं, ते त्याचा प्रोटॉन आपल्याकडे ओढून धरतं. हिस्टिडीन जवळजवळ ऋणभारित होतं आणि लोहाला घट्ट धरतं. पेरॉक्साइडचा ऑक्सिजन-ऑक्सिजन बंध तोडायला मागून हाच रेटा लागतो. उलट टोकाला ग्वानिलेट सायक्लेज (नायट्रिक ऑक्साइड ओळखणारं एन्झाइम): रेषा २०४ला, बंध इतका अशक्त की नायट्रिक ऑक्साइड येऊन बसला की तो तुटतोच. आणि तो तुटणं हाच तिथला संदेश.

बेसलाइन_हरवली

ताईंचं बरोबर, पण एक टाचणी लावतो. २४४ दिसलं म्हणजे अ‍ॅस्पार्टेट सिद्ध झालं असं कुणी लिहिलं तर रिव्ह्यूअर म्हणून मी तरी सोडणार नाही. त्या जागी अ‍ॅस्पॅराजीन (तसंच, पण भार नसलेलं अमिनो आम्ल) घालून म्यूटंट करा. सायटोक्रोम सी पेरॉक्सिडेजमध्ये असं केल्यावर रेषा स्पष्ट खाली उतरते. तुमच्या एन्झाइममध्येही उतरली तर मग बिनधास्त लिहा.

जुनी_पेरॉक्सिडेजवाली

मान्य. आणि म्यूटंटचा फेरिक स्पेक्ट्रम आधी बघ. पाठीचा आधार गेला की लोह थोडं हलतं आणि कधी सहाव्या जागी पाणी येऊन बसतं. १४९०च्या जागी १४८० दिसलं तर दचकू नकोस.

सोरेट_४०३

प्रायमर आजच मागवले. ४४१.६ची रेषा शेजारच्या लॅबकडे आहे, गुरुवारी दुपारी चार तास देतायत. ट्यूब फिरवायची मोटर मात्र माझी मीच घेऊन जाणार आहे. पट्टा नवीन घातलाय.