मदत हवी आहे: मतपत्रिकेवरचा न्यायाधीश निवडायचा कसा? (लॉस एंजेलिस काउंटी)

नागरिकत्वानंतरचं माझं पहिलंच मतदान. टपालाने आलेल्या मतपत्रिकेवर बाकीचे गोल काळे केले, पण ‘सुपीरियर कोर्ट न्यायाधीश, ऑफिस क्रमांक अमुक’ इथे पेन अडलं. पक्षाचं नाव नाही, उमेदवाराच्या नावाखाली दोन-तीन शब्दांत पेशा, बस. (आपल्याकडे जिल्हा न्यायाधीश मत मागायला दारात आलाय, कल्पना करा!) मुदत 6 वर्षांची, म्हणून अंदाजपंचे मत द्यायचं नाही.

काउंटी बार असोसिएशनचं (वकिलांची संघटना) मूल्यांकन पाहिलं, तर दोघेही ‘वेल क्वालिफाइड’. स्टेट बारच्या (वकिलांना परवाना देणारी राज्याची संस्था) साइटवर दोघांविरुद्ध शिस्तभंगाची कारवाई नाही. 10 वर्षं वकिलीची अट आहेच, त्यामुळे अनुभवावरूनही फरक कळेना. पत्रकांवरच्या पाठिंब्याच्या याद्या मी धरत नाही.

एक उमेदवार सध्या कोर्ट कमिशनर (कोर्टाने नेमलेला, न्यायाधीशाची काही कामं करणारा अधिकारी), दुसरा सरकारी वकील. नावं मुद्दाम देत नाही. ‘याला मत द्या’ असा सल्ला नकोय. मी कायद्यातला नाही, आणि पैसे भरून वापरायचे डेटाबेस परवडणार नाहीत.

कमिशनरचे कुठले निर्णय अपिलात फिरले आणि त्या वकिलाने खटले कसे चालवले, हे फुकटात नेमकं कुठे पाहता येईल? की सरळ कोर्टात जाऊन मागच्या बाकावर बसावं?