फॅक्टरी स्टफिंगच्या रीफरला ई-सील पुरेसं आहे का?

द्राक्षपेटी_पिंपळगाव: नाशिकहून न्हावा शेवा, पुढे रॉटरडॅम. ४० फुटी रीफर (थंड कंटेनर), पॅकहाऊसमध्येच भरतो (हेच फॅक्टरी स्टफिंग) आणि आरएफआयडी ई-सील (रेडिओने वाचलं जाणारं बोल्ट-सील) लावतो. युरोपातला खरेदीदार आता कंटेनर तपासणीची लेखी पद्धत मागतोय. बंदरात स्कॅनर आहे, गेटवर सील वाचलं जातं, मग आम्ही वेगळं काय तपासायचं?

उरणचा_सीएचए: कस्टम्स एजंट म्हणून सांगतो, स्कॅनरच्या भरवशावर राहू नका. प्रत्येक डबा स्कॅन होत नाही, कस्टम्सची जोखीम प्रणाली निवडेल तोच होतो. अमेरिकेने २००७ मध्ये कायदा केला की आपल्याकडे येणारा शंभर टक्के माल निघतानाच स्कॅन व्हावा, मुदत २०१२. ती अजून पुढेच ढकलली जातेय. २०२१ मध्ये गुजरातच्या मुंद्रा बंदरात टाल्कच्या नावाखाली आलेलं सुमारे ३,००० किलो हेरॉईन डीआरआयने (महसूल गुप्तचर संचालनालय) आधी मिळालेल्या माहितीवरून पकडलं.

ई-सीलचंही तेच. दाराचा बोल्ट तुटलेला नाही एवढंच ते सांगतं. भरण्याआधी डब्यात काय होतं, ते नाही. शिवाय सील नंबर, शिपिंग बिल, कंटेनर आणि ट्रेलरचा नंबर, सील लावल्याची वेळ यांत एक आकडा चुकला तरी गेटवर गाडी बाजूला काढतात. सीझनमध्ये तो ताप परवडत नाही.

रीफर_मेकॅनिक: रिकामा डबा यार्डातून आला की भरण्याआधी सात जागा बघायच्या: खालचा सांगाडा, दारं आतून-बाहेरून, डावी भिंत, उजवी भिंत, पुढची भिंत, छत, तळ. लेझर मीटरने आतली लांबी मोजा. ४० फुटी हायक्यूब (जास्त उंच) रीफरला साधारण ११.५८ मीटर येते. मॉडेलनुसार थोडा फरक पडतो, पण वीतभर कमी भरली तर आत खोटी भिंत असू शकते; डबा भरू नका, शिपिंग लाइनला कळवा.

रीफरची खरी गोम पुढच्या बाजूला. इव्हॅपोरेटरच्या (हवा थंड करणाऱ्या भागाच्या) पॅनेलचे स्क्रू बघा. बाकीचे मळलेले आणि दोनच चकचकीत, किंवा खाचेतला रंग ताजा उडालेला, तर पॅनेल नुकतंच उघडलंय. दुरुस्तीसाठीही उघडलं असेल, म्हणून आधी यार्डाकडे पीटीआयची (डबा देण्याआधीच्या यंत्र-तपासणीची) नोंद मागा. टी-फ्लोअरच्या (रीफरच्या खाचांच्या तळाच्या) खाचांतून दारापासून पुढपर्यंत टॉर्च मारा. हे सगळं प्री-कूलिंगच्या आधी. थंड डब्यात, दवाने ओल्या भिंतींवर काही धड दिसत नाही.

द्राक्षपेटी_पिंपळगाव: आणि दार? सील हँडललाच लावतो.

उरणचा_सीएचए: नव्या बऱ्याच डब्यांवर लॉकिंग बारच्या कॅमपाशी (बार चौकटीत अडकतो तिथे) सीलसाठी वेगळं भोक असतं. ते असेल तर बोल्ट तिथेच. हँडल रिव्हेटवर बसलेलं असतं, आणि रिव्हेट बदलून पुन्हा रंगवला की सील जसंच्या तसं राहतं. म्हणून रिव्हेट आणि बिजागऱ्या बोट फिरवून बघा. सील आयएसओ १७७१२ चं, अंगावर ‘एच’ हवं. लावल्यावर बघा, नंबर ताडा, जोरात ओढा, पिळा. पिळताना सुटायला लागलं तर ते सील बाद, नव्याचा नंबर सगळीकडे बदला. फोटोत सील आणि कंटेनर नंबर एकाच फ्रेममध्ये घ्या.

जीपीएस_वाला: पॅकहाऊस ते बंदर हा टप्पा सगळ्यात ढिला. कसाऱ्याच्या आसपास ढाब्यावर ट्रेलर थांबतोच, ते बंद होणार नाही. थांबायच्या जागा ठरवून द्या, दुसरीकडे थांबला तर अलर्ट, आणि प्रत्येक थांब्यानंतर ड्रायव्हरकडून सीलचा फोटो.

एक राहिलं. बीएलची (बिल ऑफ लेडिंग, जहाजावर चढवलेल्या मालाची पावती) कॉपी आणि कंटेनर नंबर वीस जणांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणं बंद करा. अँटवर्प-रॉटरडॅमला ड्रग्जच्या टोळ्या डबा उचलण्याचे पिन कोडच मिळवायच्या, म्हणून तिथे पिन काढून ‘सिक्युअर चेन’, ‘सर्टिफाइड पिक-अप’ अशा पद्धती आणल्या. तुमच्या खरेदीदाराचा एजंट त्यात नोंदलेला आहे का, हे उलट तुम्हीच त्याला विचारा.