डेस्कटॉप आणि टॅबलेट की एकटा लॅपटॉप : ‘अडगळ’ या शब्दाला माझे उत्तर

गिरगावकर :

लालबागच्या एका भगिनीने परवा विचारले होते की, मुलगी यंदा अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला गेली आहे, हाताशी सत्तर हजार रुपये आहेत, तर तिला लॅपटॉप घ्यावा की डेस्कटॉप आणि सोबत साधा टॅबलेट घ्यावा. त्यावर ‘बदलापूर जलद’ यांनी दोन ओळींत निकाल दिला : “मुंबईच्या घरात डेस्कटॉप ही अडगळ आहे आणि टॅबलेट हे खेळणे आहे. लॅपटॉप घ्या आणि विषय संपवा.” विषय असा संपत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

मी बांधकामाची अंदाजपत्रके आणि नकाशे तयार करतो. सुरुवातीची काही वर्षे माझ्याकडे लॅपटॉपच होता. त्याचा पडदा आणि कीबोर्ड एकमेकांना जखडलेले असतात, त्यामुळे पडदा डोळ्यांसमोर आणावा तर हात खांद्यापर्यंत चढतात आणि हात टेबलावर ठेवावेत तर मान खाली जाते. मी मान खाली घातली. तिसऱ्या वर्षी डाव्या हाताची दोन बोटे बधिर होऊ लागली आणि फिजिओथेरपिस्टकडे सहा आठवडे खेपा घालाव्या लागल्या. त्या बाईंनी माझी मान पाहण्याआधी मी कामाला कसा बसतो ते मला करून दाखवायला सांगितले होते.

त्यानंतर २०१७ साली मी लॅमिंग्टन रोडवरून, म्हणजे मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून, सुटे भाग घेऊन डेस्कटॉप जुळवून घेतला. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा सुधारणांचा आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला आणि विंडोज ११ ला माझा इंटेलचा सातव्या पिढीचा प्रोसेसर चालत नव्हता. मी फक्त मदरबोर्ड (सगळे भाग जोडणारी मुख्य पाटी) आणि प्रोसेसर बदलला. कॅबिनेट (बाहेरचा डबा), एसएमपीएस (भागांना वीज पुरवणारा), रॅम, एसएसडी (फायली साठवणारी), मॉनिटर, सगळे जागच्या जागी राहिले. पत्नीचा २०१७ सालीच घेतलेला लॅपटॉप मात्र, पडदा आणि कीबोर्ड उत्तम असूनही, त्याच कारणाने बाजूला ठेवावा लागला, कारण त्यात प्रोसेसर बदलण्याची सोयच नाही. प्रोसेसरच्या नावातला आकडा सारखा दिसतो म्हणून वेगही सारखा मिळेल, असेही कोणी समजू नये. पातळ लॅपटॉपमध्ये तो १५ ते २८ वॅटच्या मर्यादेत चालवावा लागतो आणि तापला की स्वतःचा वेग आवरतो. डेस्कटॉपमध्ये त्याला ६५ वॅट आणि मोठा पंखा मिळतो. बांधकामाच्या जागेवर मी टॅबलेट नेतो, नकाशा उघडतो, त्यावरच पेनने खुणा करतो. हे खेळणे नव्हे, माझ्या पोटापाण्याचे साधन आहे.

बदलापूर जलद :

माझ्या दोन ओळी तुम्हाला एवढ्या लागतील असे वाटले नव्हते, पण त्यातला एकही शब्द मी मागे घेत नाही. तुम्ही गिरगावात राहता, तुमचे काम घरी आणि तुमची वीज अखंड. मी बदलापूरहून सीएसएमटीला जातो, म्हणजे एका बाजूने दीड तास. सुटणाऱ्या गाडीत खिडकीची जागा मिळाली तर त्या दीड तासात माझा निम्मा अहवाल लिहून होतो. टॅबलेटवर मला पाच तक्ते शेजारीशेजारी उघडून आकडे जुळवता येत नाहीत.

विजेचे म्हणाल, तर पावसाळ्यात आमच्याकडे दुरुस्तीसाठी दुपारी दुपारी वीज जाते. तुमच्या डेस्कटॉपला घरगुती यूपीएस दहा-पंधरा मिनिटे तारतो आणि त्याची बॅटरी दोन-तीन वर्षांत बदलावी लागते, तो खर्च तुम्ही हिशेबात धरलेला नाही. १२ ऑक्टोबर २०२० रोजी तर मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकदमच अंधारात गेली होती, लोकलसुद्धा जागच्या जागी थांबल्या होत्या. त्या दिवशी आमच्या गटातले ज्यांच्याकडे लॅपटॉप होते तेवढेच ग्राहकाला उत्तर देऊ शकले, तेही मोबाइलचे इंटरनेट जोडून.

आणि दोन यंत्रे म्हणजे दोन ठिकाणच्या फायली. माझ्या सहकाऱ्याने टॅबलेटवरची जुनी प्रत उघडून ग्राहकाला जुना दर सांगितला आणि तो फरक कंपनीला सोसावा लागला. एक यंत्र, एक फाइल, हे सोपे तत्त्व सोडून तुम्ही एका विद्यार्थिनीला दोन यंत्रांच्या मागे का लावता?

तळमजला, कुर्ला :

मला मानेबद्दल सांगता येणार नाही, पाण्याबद्दल सांगता येते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, त्या रात्री आमच्या घरात छातीपर्यंत पाणी होते. कॅबिनेट टेबलाखाली जमिनीवर ठेवलेला होता. वडिलांनी आधी आजीला पोटमाळ्यावर चढवले, मग धान्य, मग कागदपत्रे. कॅबिनेटच्या वायरी सोडवायला वेळच मिळाला नाही. वडिलांची सोळा वर्षांची खातेवही त्यातच होती. त्यानंतर आमच्या घरात जे एका हाताने उचलता येत नाही ते विकत घेतले जात नाही. कोणी याला अडाणीपणा म्हटले तरी माझी हरकत नाही.

मुद्रितशोधक :

आतापर्यंतच्या एकाही उत्तरात मराठीचा उल्लेख नाही, याचे मला फार वाईट वाटले. टॅबलेटवर मराठी लिहिता येते असे सगळे धरून चालले आहेत. काचेवर बोट फिरवून चार ओळींचा निरोप लिहिणे वेगळे आणि तीनशे पानांचे पुस्तक तपासणे वेगळे. मी दादरला एका प्रकाशनासाठी काम करतो आणि इनस्क्रिप्ट या देवनागरी कीबोर्ड-मांडणीवर दहा बोटांनी लिहितो. माझ्या टॅबलेटला ब्लूटूथ कीबोर्ड जोडला की इंग्रजी अक्षरे उमटतात आणि मराठीसाठी पुन्हा पडद्यावर बोटे आपटावी लागतात. ज्याला मराठीत गंभीर लेखन करायचे आहे त्याने टॅबलेटवर एक रुपयाही घालवू नये.

अनुवादिका, बोरिवली :

मुद्रितशोधक, तुमचे हे विधान मला अपमानास्पद वाटते. गेली चार वर्षे मी टॅबलेटवर, रोमन अक्षरांतून मराठी उमटवणाऱ्या कीबोर्डने अनुवाद करते. आई अंथरुणाला खिळलेली असल्यामुळे मला तिच्या खोलीतच बसावे लागते. रात्री दिवा लावता येत नाही आणि कीबोर्डचा खडखडाट चालत नाही. तुम्ही म्हणता ते टेबल, ती खुर्ची, ती दहा बोटे माझ्या आयुष्यात नाहीत. तरीही माझी दोन पुस्तके छापून आली आहेत. ते लेखन गंभीर नव्हते काय?

मुद्रितशोधक :

तुमच्या कष्टांबद्दल माझ्या मनात आदरच आहे आणि माझ्या वाक्याने तुम्ही दुखावला असाल तर क्षमा मागतो. पण तुमच्यासारख्यांची हस्तलिखिते ज्याच्या टेबलावर येतात, त्याचीही बाजू ऐका.

‘दऱ्या’ हा शब्द घ्या. त्यातला ऱ्य दोन प्रकारे लिहिला जातो. इनस्क्रिप्टमध्ये ऱ हे नुक्त्याचे (खाली टिंब असलेले) स्वतंत्र अक्षर, हलन्त (पाय मोडण्याची खूण) आणि य अशी जोडणी होते. काही कीबोर्ड मात्र साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारे जोडचिन्ह घालतात. पडद्यावर दोन्ही शब्द हुबेहूब सारखे दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द असतात. एक शोधला की दुसरा सापडत नाही. ‘ॲ’चे तेच आहे. त्याला युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरांच्या जागतिक यादीत, स्वतंत्र जागा २००८ साली मिळाली, त्यामुळे कोणी एकच अक्षर देतो आणि कोणी ‘अ’वर चंद्र चढवतो. मागच्या वर्षी एका पुस्तकाची सूची मी शोध लावून तयार केली. निम्मी पाने तिच्यात आलीच नाहीत, आणि हे छपाईला जाण्याच्या आदल्या रात्री लक्षात आले. ती रात्र मी एकट्याने ४१२ पाने डोळ्यांनी वाचून काढली.

इनस्क्रिप्ट ही कोण्या कंपनीची मालमत्ता नाही. ते भारतीय लिप्यांसाठी ठरवलेले प्रमाण आहे, १९९१ च्या भारतीय मानकात त्याला स्थान आहे. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजने, इतकी तर्कशुद्ध मांडणी. रोज अर्धा तास बसले तर तीन आठवड्यांत हात बसतो. आपण मुलांना ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला फरक शिकवतो, पण तो लिहायचा कसा हे शिकवत नाही. मग मुले ‘aa’ किती वेळा दाबायचे याचा विचार करत मराठी लिहितात.

अनुवादिका, बोरिवली :

क्षमा स्वीकारली. ऱ्य दोन प्रकारचा असतो हे मला ठाऊक नव्हते. माझ्या दुसऱ्या पुस्तकाच्या वेळी संपादक सारखे ‘शोधात सापडत नाही’ असे का कळवत होते, ते आज उमगले. एवढे मी मान्य करते. पण दोष कीबोर्डच्या आज्ञावलीचा आहे, टॅबलेटचा नव्हे आणि माझाही नव्हे. दिसायला सारखे असलेले शब्द शोधणाऱ्या यंत्रणेने एकच मानावेत, ही मागणी तुम्ही प्रकाशकांकडे करा. तीन आठवडे रोज अर्धा तास तुम्हाला थोडा वाटतो. माझ्या घरी तो अर्धा तास म्हणजे आईला भरवण्याची वेळ आहे.

गिरगावकर :

चर्चा ऱ्यवर गेली याचा मला राग नाही, मलाही नवे कळले. पण प्रश्न विचारणाऱ्या भगिनी वाट पाहत आहेत. बदलापूर जलद, फायलींचा तुमचा मुद्दा मला पटलेला नाही, कारण सामायिक फोल्डर ठेवला की दोन्हीकडे एकच प्रत राहते आणि तुमच्या सहकाऱ्याने तो ठेवला नव्हता. विजेचा मुद्दा मात्र मी मनाविरुद्ध मान्य करतो. गिरगावात बसून मी तो विसरलो होतो.

बदलापूर जलद :

मनाविरुद्ध का होईना, मान्य केलेत हे बरे झाले. पण सामायिक फोल्डरला इंटरनेट लागते, आणि गाडीत ते टिकत नाही. तुमचे प्रत्येक उत्तर घरात सगळे सुरळीत चालू असल्याच्या गृहीतावर उभे आहे, माझा मूळ राग त्याचाच आहे. मुंबईत काम करणारी किती माणसे मुंबईत राहतात याचा विचार या शहरातले लोक कधी करत नाहीत. सल्ला देताना तर अजिबातच नाही.

सुटे भाग :

मी लॅमिंग्टन रोडवर एका गाळ्यात दुरुस्तीचे काम करतो, म्हणून दोन्ही पक्षांना थोडे सांगतो. माझ्याकडे येणाऱ्या लॅपटॉपपैकी बरेच लोकलच्या गर्दीत बिजागरी तुटलेले असतात. बिजागरी स्वस्त असते, पण तिच्याबरोबर वरचे झाकण आणि पडद्याची केबल गेली की बिल वाढते. दिवसरात्र चार्जरला लावून ठेवलेल्यांची बॅटरी फुगते आणि टचपॅड वर उचलला जातो. तसे झाले की वापर लगेच थांबवावा, तो भाग दाबून बसवू नये. चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय पुष्कळ लॅपटॉपमध्ये असते, ती कोणी चालू करत नाही. घेताना रॅम बोर्डवर डकवलेली आहे की खाचेत बसवलेली, हे जरूर विचारावे. डकवलेली असेल आणि जादा खाचही नसेल तर आठ जीबीची सोळा कधीच होत नाही.

डेस्कटॉपवाल्यांनाही सांगतो की मोठा कॅबिनेट आता गरजेचा राहिलेला नाही. वहीएवढा मिनी पीसी मॉनिटरच्या पाठीवर चार स्क्रूंनी बसतो. कुर्ल्याच्या काकांना तो एका हाताने उचलताही येईल. त्यात रॅम आणि एसएसडी बदलता येते. मात्र गिरगावकरांनी बदलला तसा नुसता मदरबोर्ड त्यात सहसा बदलता येत नाही आणि जड ग्राफिक्स कार्डही बसत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

लालबाग (मूळ प्रश्न माझा) :

सर्वांची उत्तरे मी मुलीला वाचून दाखवली. आमची खोली दहा बाय बाराची आहे आणि घरात टेबल म्हणाल तर माझे शिलाई मशीन, त्यावरच आमचे घर चालते. दिवसा ते मला लागते. मुलगी त्यावर फक्त रात्री बसू शकते. म्हणून मोठ्या डेस्कटॉपचा विचार आम्ही सोडला होता. पण मिनी पीसी मॉनिटरमागे बसवून मॉनिटर भिंतीवर लावला, तर मशीनची जागा मोकळी राहते आणि धाकट्यालाही दहावीचा अभ्यास करता येतो. लॅपटॉप घेतला तर तो मुलगी सकाळी घेऊन जाईल आणि धाकट्याच्या वाट्याला काहीच येणार नाही, हे कोणी विचारात घेतले नव्हते. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत संगणक आहेत, असे तिने विचारून घेतले आहे. वर्गातल्या टिपणांसाठी टॅबलेट पुरेल, असे तिचेच म्हणणे आहे.

बदलापूर जलद :

शिलाई मशीन आणि धाकटा मुलगा, हे दोन्ही मला ठाऊक नव्हते. ठाऊक असते तर लॅपटॉप सांगितला नसता. इतरांसाठी माझे मत कायम आहे. ताई, सत्तर हजारांतले पाच हजार यूपीएससाठी बाजूला काढा आणि भिंत चाळीची जुनी असेल तर मॉनिटरचा ब्रॅकेट गवंड्याला दाखवूनच लावा. माझ्या आतेभावाकडे तो प्लॅस्टरसकट खाली आला होता.

गिरगावकर :

ताई, लॅमिंग्टन रोडला रविवारी जाऊ नका, तिथली बहुतेक दुकाने बंद असतात. शनिवारी दुपारी मी ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला तुम्हा दोघींना भेटू शकतो. मॉनिटर घेताना मागे ब्रॅकेटची चार छिद्रे आहेत का ते पाहू, स्वस्त मॉनिटरमध्ये ती कधीकधी नसतात.

मुद्रितशोधक :

आणि कीबोर्ड घ्याल तो देवनागरी अक्षरे छापलेला मागा. मुलगी तयार असेल तर पहिले तीन आठवडे मी शिकवीन. अनुवादिकाताईंनाही, त्यांना सवड होईल तेव्हा.