पाइप टॉमहॉक कोणी घडवला, हे कसं शोधायचं?

रानवारा:
उत्तर अमेरिकी धाटणीचा एक पाइप टॉमहॉक, म्हणजे एका बाजूला कुऱ्हाडीचं पातं, दुसरीकडे चिलीम आणि पोकळ दांड्यातून धूर ओढायची सोय असलेली कुऱ्हाड, हाती आलाय. पात्याच्या धारेपासून चिलमीच्या टोकापर्यंत २१ सेंमी, दांडा मेपलचा, ५३ सेंमी. पात्यावर चांदीची चंद्रकोर जडवलेली. विकणारा म्हणतो, १७९० च्या आसपासचा. नेढ्याजवळ (दांडा बसतो त्या भोकाजवळ) दोन अक्षरांचा ठसा आहे, पण गंजात अर्धा बुडालाय. कागदपत्रं काहीच नाहीत. तारेच्या ब्रशने ठसा मोकळा करून घेऊ का?

ऐरण_घण:
ब्रश लावू नका. ठशाच्या कडेचा उठाव आणि आतला जुना गंज हाच तर पुरावा. अंधाऱ्या खोलीत टॉर्च पात्याला जवळजवळ टेकवून आडवा धरा आणि चारही दिशांनी फोटो काढा. एका दिशेने न दिसणारं अक्षर दुसरीकडून उमटतं. पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिल घासली तरी चालतं.

पण सुरुवात ठशापासून करू नका, बांधणीपासून करा. जुन्या पद्धतीत लोखंडी पट्टी सळईभोवती दुमडून नेढं करत, दोन्ही टोकं भट्टीत एकजीव करत आणि धारेसाठी मध्ये पोलादाचा तुकडा घालत. ती सांध्याची रेघ पात्यावर शोधा. नेढ्याच्या आत टॉर्च मारा: बाहेरून वेल्डिंग घासून टाकतात, आत मात्र लाटांसारखे थर राहून जातात.

चिलीम फिरवून निघते का? निघत असेल तर आटे मोजा. विल्यम सेलर्स या अमेरिकी यंत्रनिर्मात्याने ६० अंशांच्या आट्यांचं प्रमाण १८६४ मध्ये मांडलं. तसे आटे असतील तर निदान चिलीम तरी १७९० ची नाही.

कानस:
लोखंडाबद्दल एक भर. स्वस्तात पोलाद बनवायची बेसेमरची पद्धत १८५६ ची. त्याआधीच्या घडीव लोखंडात मळीचे (धातू गाळताना उरलेल्या कचऱ्याचे) लांब धागे असतात, आणि गंज चढला की ते लाकडाच्या रेषांसारखे दिसतात. हा पुरावा एकतर्फी आहे, हे ध्यानात ठेवा: आजचे लोहारही जुन्या गाड्यांच्या चाकांच्या लोखंडी धावा, साखळ्या वितळवून नव्हे, तर तापवून घडवतात. धागे दिसले म्हणून वस्तू जुनी ठरत नाही.

दांड्याचं वय वेगळं धरायचं. ॲशच्या लाकडाचा मऊ गाभा तापलेल्या तारेने जाळून नळी करता येते. मेपलला भोक पाडावं लागतं किंवा उभा चिरून, खाच काढून परत चिकटवावा लागतो. लांबीभर सरळ जोड आहे का बघा.

आणि पात्यावरचं नाव कारागिराचंच असेल असं नाही. न्यूयॉर्क राज्य संग्रहालयातला टॉमहॉक घ्या, जॉर्ज वॉशिंग्टनकडून सेनेका या आदिवासी जमातीचा पुढारी कॉर्नप्लँटर याला १७९२ च्या सुमारास भेट मिळालेला. एका बाजूला कॉर्नप्लँटरचं सेनेका नाव, दुसरीकडे जॉन अँड्रस. तो बहुधा घडवणारा, एवढंच संग्रहालय म्हणतं. दांडा तर त्याच जमातीच्या ईली पार्करने १८५० च्या सुमारास बदललेला! हाच तुकडा १९४७ ते १९५० च्या दरम्यान चोरीला गेला आणि २०१८ मध्ये परत आला. मालकीची साखळी लिहून ठेवा म्हणतात ते यासाठी.

रानवारा:
चिलीम निघाली. आटे एकसारखे, ६० अंशांच्या गेजला नेमके बसले. नेढ्यात लाटाही आहेत. म्हणजे नकली?

ऐरण_घण:
नकली आहे तो विकणाऱ्याचा दावा. वस्तू विसाव्या शतकातल्या किंवा आजच्या एखाद्या चांगल्या लोहाराची असू शकते, आणि त्यांचं काम जमवणारेही पुष्कळ आहेत. आता ठसा कामाला येईल. अक्षरांच्या कडा धारदार असतील तर पंचाने मारलेला. गोलसर, तळाला दाणेदार असतील तर सही असलेल्या नगावरून ओतलेली प्रत. ओतीव धातू थिजताना आकसतो, पितळ साधारण दीड टक्का, त्यामुळे प्रत मूळ नगापेक्षा किंचित लहान भरते.

चिलमीचा तळ आणि तिच्या आट्यांमागची बाजूही पाहा, काही जण सही तिथेच लपवतात. अक्षरांशेजारी ‘एम. एस.’ असेल तर ती कारागिराची आद्याक्षरं समजू नका. पाती घडवणाऱ्या लोहारांच्या अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटीच्या मास्टर स्मिथची ती खूण असते, ‘जे. एस.’ त्याखालच्या दर्जाच्या जर्नीमनची. त्या सोसायटीकडे नाही जुळलं तर कंटेम्पररी लाँगरायफल असोसिएशन या, जुन्या धाटणीच्या बंदुका आणि हत्यारं आज घडवणाऱ्यांच्या संघटनेतल्या मंडळींना विचारा. पाठवताना पट्टीसह दोन्ही बाजू, नेढं वरून-खालून, चिलमीचा तळ, दांड्याचं तोंड आणि दांड्याशिवायचं वजन द्या. नुसता ठशाचा फोटो पाठवला तर उत्तर येत नाही.

कानस:
दांड्याला पिसं बांधलेली असतील तर पुढे विकण्याआधी ती कोणाची आहेत ते पाहा. गरुडाच्या पिसांची विक्री अमेरिकेत १९४० च्या कायद्याने बंद आहे. आणि घडवणारा आदिवासी जमातीचा असल्याचं ठोस कळल्याशिवाय ‘इंडियन मेड’ असं लिहू नका, त्याला १९९० चा कायदा आहे.