मदत हवी आहे : घरातला एक गडी दर वेळी डाव अर्ध्यावर सोडतो

सागरगोटी :
आम्ही घरातले पाच जण दर रविवारी संध्याकाळी एकत्र खेळायला बसतो. कधी पट मांडतो, कधी पत्ते काढतो, कधी टीव्हीला जोडलेला व्हिडिओ गेम लावतो. गेल्या चार महिन्यांत एकही रविवार असा गेला नाही, की एक गडी मध्येच उठला नाही. कधी झोपेचे निमित्त असते, कधी डोके दुखते, आणि मग उरलेल्यांचाही रस जातो. नवे तीन खेळ आणून झाले, नियम सोपे करून झाले, मुद्दाम हरूनही पाहिले. उद्या पुन्हा रविवार आहे. सर्वांना शेवटपर्यंत बसवून ठेवील असा खेळ किंवा युक्ती कोणी सांगू शकेल का? संयम ठेवा, एवढेच सांगायचे असेल तर कृपया सांगू नये. तो ठेवून झाला आहे.

उंटाची_चाल :
आपण खेळांची नावे दिलेली नाहीत, उठणाऱ्याचे वय दिलेले नाही आणि डाव किती वेळ चालतो तेही लिहिलेले नाही. एवढ्यावर काय सांगणार?

एकजूट :
मूल सात-आठ वर्षांचे असणार, हे उघड आहे. त्या वयात हार सहन होत नाही. मुद्दाम हरू नका, मुलांना ते लगेच कळते. त्याऐवजी सगळे एका बाजूला आणि खेळ दुसऱ्या बाजूला, अशा प्रकारचा खेळ आणा. 2008 साली आलेल्या ‘पॅंडेमिक’मध्ये सर्वांनी मिळून रोगांच्या साथी आटोक्यात आणायच्या असतात, जिंकले तर सगळे, हरले तर सगळे. मुले लहान असतील तर त्याच रचनाकाराचा ‘फॉरबिडन आयलंड’ बरा पडतो, कारण तो साधारण अर्ध्या तासात संपतो. आमच्याकडची रडारड त्यामुळेच थांबली.

तिरकस_फासा :
एकजूट यांच्या घरात रडारड थांबली असेल, आमच्या घरात मात्र ती तिथेच सुरू झाली. अशा खेळात सर्वांना सर्व काही दिसत असते, म्हणून सर्वात हुशार गडी बाकीच्यांच्या सोंगट्याही आपणच हलवू लागतो आणि इतर जण नुसते हमाल होतात. सहकार्यच हवे असेल तर ‘हनाबी’ खेळा. त्यात आपले पत्ते आपल्याला सोडून सर्वांना दिसतात, त्यामुळे कोणाला हुकूम सोडताच येत नाही. 2013 साली जर्मनीतला वर्षातील सर्वोत्तम खेळाचा पुरस्कार त्याला उगाच मिळालेला नाही.

एकजूट :
हुकूम सोडणाऱ्याला आवरणे हे घरातल्यांचे काम आहे, खेळाचे नव्हे.

भाडेकरू :
मंडळी ‘मोनोपोली’ चुकीच्या नियमांनी खेळतात, म्हणून डाव लांबतो आणि माणसे उठून जातात. मोकळ्या पार्किंगच्या घरात दंडाचे पैसे साठवून तिथे येणाऱ्याला ते द्यायचे, हा नियम छापील पुस्तिकेत नाही. याउलट आलेल्याने जागा विकत घेतली नाही तर तिचा तिथल्या तिथे लिलाव करायचा, हा नियम पुस्तिकेत असूनही कोणी पाळत नाही. हे दोन बदल करून पाहा. डाव निम्म्या वेळात आटोपतो, हा माझा अनुभव आहे.

सागरगोटी :
‘मोनोपोली’ आमच्या घरात नाही. आणि मूल उठते असे मी कुठेही लिहिलेले नाही! उठतात ते माझे वडील. त्यांचे वय 68 आहे. मुले (मुलगा 10 वर्षांचा, मुलगी 7 वर्षांची) तासन्‌तास बसतात.

बटणबहाद्दर :
मग गाठ सुटली. ज्येष्ठांना कंट्रोलरवरची बटणे जमत नाहीत. ‘मारिओ कार्ट 8 डीलक्स’ या शर्यतीच्या व्हिडिओ गेममध्ये गाडी रस्त्यावरून घसरू न देणारी सोय आहे आणि वेगाचे बटण दाबून न धरताही गाडी चालवता येते. एका टीव्हीवर चौघे खेळू शकतात. तो ज्यावर चालतो त्या व्हिडिओ गेमच्या यंत्राचा, म्हणजे ‘स्विच’चा, कोणता प्रकार घ्यावा हे हवे असल्यास सविस्तर लिहितो.

उंटाची_चाल :
स्विच कोणता घ्यावा, हे कोणी विचारलेले नाही. सागरगोटी, वडील कोणत्या खेळातून उठतात आणि कोणत्या खेळात बसतात, एवढे सांगा.

सागरगोटी :
रमीला आणि बुद्धिबळाला ते दोन-दोन तास बसतात. उठतात ते रंग किंवा आकडा जुळवून पान टाकायच्या ‘उनो’मधून, आणि एकाच रंगाचे मणी जुळवायचा एक व्हिडिओ गेम मुलांना आवडतो, त्यातून. ‘उनो’मध्ये त्यांनी दोनदा लाल पानावर हिरवे पान टाकले, मुले हसली, आणि ते पत्ते खाली ठेवून आत गेले. मला वाटते त्यांना नव्या खेळांचा मनापासून तिटकारा आहे.

चष्म्याचे_घर :
तिटकारा नसावा. रमीच्या पत्त्यांत बदाम, इस्पिक, चौकट आणि किलवर आकारांवरून ओळखता येतात. बुद्धिबळात काळे-पांढरे पुरते. ‘उनो’त मात्र लाल, हिरवे, पिवळे आणि निळे यांतला भेद केवळ रंगाचा आहे. लाल आणि हिरवा यांची गल्लत होणे हा दोष पुरुषांमध्ये स्त्रियांपेक्षा पुष्कळ अधिक आढळतो, कारण त्याचा जनुक एक्स गुणसूत्रावर असतो आणि पुरुषाकडे ते एकच असते. ठिपक्यांत लपलेले आकडे ओळखायची इशिहारा चाचणी नेत्रतज्ज्ञांकडे काही मिनिटांत होते. उतारवयात मोतीबिंदूमुळेही रंग मळकट दिसू लागतात, म्हणून हे अलीकडेच सुरू झाले असेल तर तपासणी टाळू नये.

भाडेकरू :
68 वर्षे कोणाच्या लक्षात आले नाही, हे पटत नाही.

तिरकस_फासा :
माझ्या लक्षात 31 व्या वर्षी आले, तेही खेळताना. सिग्नलला लाल दिवा वर असतो आणि हिरवा खाली, म्हणून रस्त्यावर काही अडत नाही. कपड्यांचा रंग दुकानदार सांगतो. अडते ते फक्त जिथे जागा नाही, आकार नाही, नुसता रंगच आहे तिथे, आणि दुर्दैवाने अर्धेअधिक खेळ तसेच आहेत. ‘तिकिट टू राइड’ हा रेल्वेमार्गांचा पटावरचा खेळ मला चालतो, कारण त्याच्या प्रत्येक रंगाच्या पानावर वेगळे चिन्ह आहे आणि तेच पटावरच्या मार्गावरही छापलेले आहे. ‘उनो’चाही रंगांची चिन्हे असलेला संच 2017 साली निघाला. व्हिडिओ गेमच्या सेटिंगमध्येही रंगभेदाची सोय आहे का, ते शोधा. अनेक खेळांत ती असते. आणि त्यांना मुलांसमोर ‘हा रंग कोणता, तो कोणता’ असे विचारत बसू नका. मला तो प्रश्न आतापर्यंत शेकडो वेळा विचारून झाला आहे.

सागरगोटी (सोमवार) :
काल दुपारी त्यांना एकटे गाठून विचारले. शाळेत असल्यापासून त्यांना हे ठाऊक आहे. मलाही ठाऊक असणारच, असे ते धरून चालले होते आणि ठाऊक असूनही मी तेच खेळ आणते, याचा त्यांना राग होता. आईला माहीत होते. तिने मला कधी सांगितले नाही, कारण तिच्या लेखी त्यात सांगण्यासारखे काही नव्हते. संध्याकाळी ‘उनो’च्या पानांच्या कोपऱ्यांत मार्करने ला, हि, पि, नि अशी अक्षरे काढली आणि ते शेवटच्या पानापर्यंत बसले. माझ्या मुलाला चार पाने मुलीने चढवली तेव्हा सर्वात मोठ्याने तेच हसले.

आता दोन शंका. मार्करची अक्षरे पहिल्याच डावात पुसट झाली, त्यावर उपाय काय? आणि मुलाचीही तपासणी करावी का?

चष्म्याचे_घर :
वडिलांचा दोष जन्मजात असेल तर त्यांचे एक्स गुणसूत्र तुमच्याकडे आलेलेच आहे, आणि ते मुलाकडे जाण्याची शक्यता निम्मी असते. तपासणी करून घ्यावी.

उंटाची_चाल :
पानांवर गुळगुळीत थर असल्याने शाई धरत नाही. प्रत्येक पान पारदर्शक पाकिटात घालून अक्षराची चिठ्ठी आतल्या बाजूने ठेवा. चिठ्ठी दोन्ही समोरासमोरच्या कोपऱ्यांत हवी, नाहीतर पाने पंख्यासारखी धरल्यावर अक्षर झाकले जाते. पिसताना मात्र गड्डी जाड लागेल, म्हणून दोन भाग करून पिसा.

बटणबहाद्दर :
स्विचबद्दल कोणाला हवे असल्यास अजूनही लिहायला तयार आहे.