78 फुटांचा लाकडी कोस्टर 300 फुटांच्या कोस्टरला भारी पडू शकतो का? छोट्या पार्कांबद्दल माझं मत, तुमचंही सांगा

लाकडीरूळ

मी न्यू जर्सीत राहतो. रोलर कोस्टरचा नाद गेली नऊ वर्षं आहे. आतापर्यंत 112 वेगवेगळे कोस्टर झाले (आमच्या मंडळींत त्याला 'क्रेडिट' म्हणतात). पहिली सहा-सात वर्षं मी फक्त उंची आणि वेगाच्या मागे धावलो, कारण घरापासून तासाभरावर 'किंगडा का' होता. 456 फूट, ताशी 206 किलोमीटर, तेव्हा जगातला सगळ्यात उंच. 2005 साली सुरू झालेला हा कोस्टर 2024 च्या शेवटी बंद केला आणि फेब्रुवारी 2025 मध्ये स्फोटकं लावून पाडला. मी त्यावर एकूण चौदा वेळा बसलो. प्रत्येक वेळी दीड-दोन तास रांग, आणि मग अर्ध्या मिनिटात सगळं आटपलेलं.

तो गेल्यावर या उन्हाळ्यात मुद्दाम पेनसिल्व्हेनियातली छोटी पार्कं हिंडलो. लिगोनियरचं आयडलवाइल्ड, एरीचं वाल्डामीर आणि एलिसबर्गचं कनोबल्स. (इंग्रजी स्पेलिंगमधला पहिला 'के' तिथले लोक स्पष्ट उच्चारतात.) तिन्ही आवडली, पण लिहायचंय ते कनोबल्सबद्दल.

डोंगराच्या कुशीत, झाडीत, मधून ओढा वाहतो. 1926 पासून एकाच घराण्याकडे आहे. आत जायला पैसे नाहीत, गाडी लावायला पैसे नाहीत. ज्या राइडवर बसायचं तिचंच तिकीट. माझे आईबाबा तेव्हा पुण्याहून आले होते. मोठ्या पार्कात त्यांनाही पूर्ण तिकीट काढून दिवसभर बाकावर बसवावं लागतं, म्हणून ते दरवेळी "तू जा, आम्ही घरीच बरे" म्हणायचे. इथे ते आले, ओढ्याकाठी बसले, मक्याची कणसं खाल्ली. आई तर 1913 सालच्या लाकडी घोड्यांच्या चक्रावर बसली! बाहेरच्या रांगेतल्या घोड्यावर बसून, हात लांब करून, फिरता फिरता कड्या ओढून घ्यायच्या असतात. पितळेची कडी हाताला लागली की पुढची फेरी फुकट. आईला लोखंडीच मिळाली, पण ती चार वेळा बसली.

आता फीनिक्स. हा लाकडी कोस्टर मुळात टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोच्या प्लेलँड पार्कात 1940 च्या दशकात उभा राहिला. तेव्हा त्याचं नाव रॉकेट. ते पार्क 1980 मध्ये बंद पडलं, कोस्टर तसाच उभा राहून सडत होता. कनोबल्सवाल्यांनी तो विकत घेतला, लाकडांना क्रमांक घालून उतरवला, ट्रकांवर लादून देशाच्या दुसऱ्या टोकाला आणला आणि 1985 मध्ये पुन्हा उभा केला. उंची 78 फूट, वेग ताशी 72 किलोमीटर. कागदावर काहीच नाही. पण स्टेशनातून सुटल्यावर गाडी आधी एका लांब काळोख्या बोगद्यात शिरते. मग साखळीची खडखड, पहिला उतार, आणि शेवटी शेवटी त्या छोट्या टेकड्या, जिथे माणूस सीटवरून अक्षरशः उचलला जातो. मांडीवर फक्त एक दांडा. मी त्या दिवशी अकरा वेळा बसलो. सगळ्यात लांब रांग वीस मिनिटांची.

माझं मत असं. कोस्टर चांगला की वाईट हे उंचीवर ठरत नाही. टेकडीच्या आकारावर, रुळांच्या निगेवर आणि एका दिवसात किती वेळा बसता येतं यावर ठरतं. या तिन्ही बाबतीत छोटी पार्कं आज मोठ्यांच्या पुढे आहेत. पटत नसेल तर जरूर लिहा.

उंचउडी

अजिबात पटलं नाही. छंद एकच असूनही नाही पटलं.

ताशी 72 किलोमीटर वेगाने आपण रोज ऑफिसला जातो. कोस्टरवर बसायचं ते जे एरवी शक्य नाही ते अनुभवायला. ओहायोतल्या सीडर पॉइंटचा मिलेनियम फोर्स घ्या. 2000 साली आला तेव्हा पूर्ण चक्कर मारून (म्हणजे त्याच रुळावरून मागे न येता) स्टेशनात परतणारा आणि 300 फूट ओलांडणारा तो पहिलाच. 310 फूट. वर पोचेपर्यंत डाव्या-उजव्या हाताला एरी सरोवर पसरत जातं, आणि मग ताशी 150 किलोमीटर. मी पहिल्यांदा बसलो तेव्हा खाली उतरल्यावर माझे पाय थरथरत होते आणि डोळ्यांत पाणी होतं. हे 78 फुटांवर होणार नाही.

दुसरं म्हणजे, ही झेप कोण घेतं? मोठी पार्कं. त्याच पार्कात 1991 चा मीन स्ट्रीक नावाचा लाकडी कोस्टर होता, हाडं खिळखिळी करणारा. त्याच्याच लाकडी सांगाड्यावर पोलादी रूळ घालून 2018 मध्ये स्टील व्हेंजन्स उभा केला. पार्कच्या दाव्यानुसार 27 सेकंदांहून जास्त एअरटाइम, म्हणजे सीटवरून उचललं जाण्याचा एकूण वेळ. असं काम करायला पैसा लागतो.

आणि तुमच्याच गोष्टीतला एक भाग तुम्ही सहज ओलांडून गेलात. फीनिक्स मुळात ज्या छोट्या पार्कात होता ते पार्क *मेलं*. पेनसिल्व्हेनियातलंच कॉनिऑट लेक पार्क घ्या. तिथला ब्लू स्ट्रीक हा लाकडी कोस्टर 1938 चा. जानेवारी 2022 मध्ये तो पाडायचं काम चालू असताना आग लागून भस्मसात झाला. छोट्या पार्कांचं हे असंच होतं. वाचतात त्यांच्याच गोष्टी आपण सांगतो.

बोल्टनट

मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे, कोस्टरच्या क्षेत्रातला नाही, पण गणित सोपं आहे म्हणून मांडतो.

टेकडीच्या माथ्यावर वजनहीन वाटायला वेगाचा वर्ग भागिले माथ्याच्या वक्राची त्रिज्या हे गुरुत्वाच्या त्वरणाइतकं व्हावं लागतं. गाडी माथ्यावर ताशी 36 किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला 10 मीटरने जात असेल तर त्रिज्या साधारण 10 मीटर पुरते. ताशी 126 ने जात असेल तर त्रिज्या 125 मीटर लागते. म्हणजे वेगवान कोस्टरला तेवढंच सुख द्यायला प्रचंड मोठी टेकडी बांधावी लागते. छोट्याला ते सुख दोन मजली टेकडीत देता येतं, आणि एकामागून एक देता येतं. फीनिक्सच्या शेवटच्या टेकड्यांचं रहस्य हेच.

आणि हे शक्य झालं 1919 मध्ये. जॉन मिलर यांनी रुळाच्या *खालून* धावणाऱ्या चाकाचं पेटंट घेतलं. त्याआधी गाडी रुळांवर नुसती ठेवलेली असायची. खालच्या चाकाने ती रुळाला पकडून ठेवली, म्हणून टेकडीवरून उडवायला डिझायनर मोकळे झाले. पिट्सबर्गजवळच्या केनीवूडमध्ये 1920 चा जॅक रॅबिट आजही याच तत्त्वावर चालतो.

पण लाकडीरूळ, एका बाबतीत मी उंचउडींच्या बाजूने. 'रुळांची निगा' हा गुण तुम्ही छोट्या पार्कांच्या खात्यावर का टाकताय? निगा ही मालकाच्या वृत्तीवर आणि तिजोरीवर अवलंबून असते. लाकडी कोस्टरचे रूळ दर हिवाळ्यात थोडेथोडे उखडून नव्याने घालावे लागतात, नाहीतर दोन-तीन हंगामांत गाडी दगडांवरून गेल्यासारखी आपटते. ज्याचा हंगाम पावसात वाहून गेला तो छोटा मालक पहिली कात्री इथेच लावणार.

सोनचाफा

मला कोस्टरमधलं काही कळत नाही. मी दोन मुलांची आई, राहते क्लीव्हलँडजवळ. छोट्या पार्कांचं हे कौतुक वाचून राहवलं नाही.

गेल्या वर्षी अशाच एका छोट्या पार्कात गेलो होतो, नाव लिहीत नाही. राइडगणिक तिकीट होतं. मुलांना तर प्रत्येक राइडवर दोनदा बसायचं असतं. दुपारपर्यंत मोठ्या पार्काच्या दिवसभराच्या पासाइतके पैसे गेले. मधेच दोन राइड बंद पडल्या, हातात घेतलेली तिकिटं परत घेतली नाहीत. आणि कोस्टरवरचा दांडा माझ्या मांडीवर टेकला तेव्हा शेजारी बसलेल्या माझ्या नऊ वर्षांच्या मुलाच्या मांडीपासून चार बोटं वर होता. मी पूर्ण फेरीभर त्याला एका हाताने दाबून धरलं होतं. तुम्ही ज्याला "सीटवरून उचललं जाणं" म्हणताय ते मला त्या दिवशी भयंकर वाटलं.

आजीआजोबांचा मुद्दा मात्र शंभर टक्के खरा. माझ्या सासूबाईंना आम्ही कुठेच नेऊ शकत नाही.

लाकडीरूळ

सोनचाफा ताई, तुमचा अनुभव वाचून वाईट वाटलं. दोघांमध्ये एकच दांडा असला की तो जाड माणसाच्या मांडीवर अडतो आणि शेजारचं मूल मोकळं राहतं. जुन्या गाड्यांतली ही उणीव खरी आहे आणि मी मूळ लेखात ती लिहायला हवी होती. लहान मुलाला मुलाशेजारीच बसवावं.

बोल्टनट, निगेचं म्हणणं मान्य. ते वाक्य मी मागे घेतो.

उंचउडी, तुमचं मात्र मान्य नाही. छोटी पार्कं मरतात म्हणता, पण मोठी मरत नाहीत का? सीडर पॉइंटमधलाच 420 फुटांचा टॉप थ्रिल ड्रॅगस्टर 2021 मध्ये गाडीचा धातूचा तुकडा उडून रांगेतल्या बाईला लागल्यानंतर बंद झाला. नव्या रूपात मे 2024 मध्ये उघडला आणि आठवडाभरात पुन्हा बंद पडला, तो त्या हंगामात उघडलाच नाही. किंगडा का तर स्फोटकांनी गेला. 1 जुलै 2024 ला सीडर फेअर आणि सिक्स फ्लॅग्ज या दोन बलाढ्य कंपन्या एक झाल्या, आणि पुढच्याच वर्षी मेरीलँडमधलं सिक्स फ्लॅग्ज अमेरिका कायमचं बंद. दूरच्या ऑफिसात बसलेला माणूस ताळेबंद बघून पार्क मिटवतो. 1972 च्या अ‍ॅग्नेस वादळाच्या पुरात कनोबल्स बुडालं होतं, 2011 मध्ये पुन्हा बुडालं. दोन्ही वेळा त्या घरच्या माणसांनी गाळ उपसून ते उघडलं. मला हा फरक फार मोठा वाटतो.

जत्रेकरी

मी सांगलीकडचा, त्यामुळे थोडा वेगळा सूर.

आपल्याकडे 'छोटं' म्हणजे जत्रेतला आकाशपाळणा, ब्रेकडान्स, टोराटोरा. एका रात्रीत उभे राहतात, आठवड्याने उतरतात. लहानपणी मी त्यांच्यासाठी जीव टाकायचो. आता मुलीला घेऊन जातो तेव्हा आधी खाली वाकून बघतो, पाळण्याच्या पायाखाली काय ठेवलंय. फळीचे तुकडे असतात. 'मोठं' म्हणजे खोपोलीचं इमॅजिका. तिथला नायट्रो 2013 पासून आहे, पायाखाली फरशी नसलेला, पाच वेळा उलटा करणारा. गोराईचं एस्सेल वर्ल्ड 1989 पासून होतं, तेही 2022 मध्ये बंद झालं. एक पिढी शाळेच्या सहलीने तिथे जाऊन आली आहे.

मधलं काहीच नाही. एकाच जागी शंभर वर्षं, एकाच घराण्याचं, फुकट प्रवेशाचं, आणि तरी रोज तपासणी होणारं. लाकडीरूळ, तुम्ही छोट्या पार्काचं कौतुक करताय असं तुम्हाला वाटतंय. माझ्या मते तुम्ही *कायम एका जागी असण्याचं* कौतुक करताय. छोटेपणा तिथे योगायोगाने आहे. जत्रेतला पाळणा त्याहून कितीतरी छोटा आहे, पण त्याच्याबद्दल तुम्ही असं लिहाल का?

आणि तिकडे तपासणी कोण करतं?

बोल्टनट

गंमतीशीर वाटेल, पण पेनसिल्व्हेनियात हे काम राज्याच्या कृषी खात्याकडे आहे. राइडची नोंदणी आणि तपासणी तेच बघतं. केंद्र सरकारचं खातं गावोगाव फिरणाऱ्या राइडपुरतं लक्ष घालतं. एका जागी कायम असलेल्या पार्कांचे अधिकार 1981 पासून त्याच्याकडे नाहीत. म्हणून राज्याराज्यांत फरक पडतो. छोटं-मोठं विचारण्याआधी 'कुठल्या राज्यात' हे विचारावं, विशेषतः मुलं बरोबर असतील तर.

जत्रेकरींचा प्रश्न मला या धाग्यातला सगळ्यात नेमका वाटला.

उंचउडी

गणित पटलं. 125 मीटरच्या त्रिज्येची गोष्ट माझ्या डोक्यात कधी आली नव्हती, आणि मिलेनियम फोर्सच्या पुढच्या टेकड्यांवर मी सीटवरून फारसा उचललो जात नाही हेही खरं.

तरी माझं मत तेच. एअरटाइम हा कोस्टरचा एक भाग झाला. उंची हा दुसरा. 310 फुटांवर, गाडी वर ओढणारी केबल सुटायच्या आधीचे ते दोन सेकंद, वारा, खाली मुंगीएवढी माणसं, आणि आता परत फिरता येत नाही ही जाणीव. तुम्ही त्याला आकडा म्हणता. माझ्यासाठी तेच सगळं आहे. रांगेत दोन तास उभा राहीन त्यासाठी, आनंदाने. मोठ्या पार्कांचे मालक वाईट वागतात म्हणून त्यांचे कोस्टर वाईट ठरत नाहीत.

लाकडीरूळ

जत्रेकरी, दोन दिवस तुमच्या प्रश्नावर विचार केला. नाही, जत्रेतल्या पाळण्याबद्दल मी असं लिहिलं नसतं. कायमपणाचं म्हणणं बरोबर आहे. फीनिक्स चालवणारा मुलगा त्या दिवशी मला सांगत होता की त्याची आई याच स्टेशनवर ब्रेक ओढायची. मला आवडलं ते हेच असणार.

पण छोटेपणा निव्वळ योगायोग नाही असं मला अजून वाटतं. वाल्डामीरचा रॅव्हिन फ्लायर टू घ्या. जुना रॅव्हिन फ्लायर 1938 मध्ये अपघातानंतर बंद झाला. पार्काने 2008 मध्ये नवा बांधला, तोही दरीचा उतार वापरून आणि चालू रस्त्यावरून कमान टाकून. जागा नव्हती म्हणून रस्ता ओलांडावा लागला. मुबलक सपाट जमीन असती तर तो कोस्टर तसा झालाच नसता. जागेच्या आणि पैशांच्या तंगीतून जो आकार येतो तो मोठ्या पार्कात मला सापडत नाही.

उंचउडी, तुमचं माझं जमणार नाही बहुतेक.

उंचउडी

नाही जमणार. पण सप्टेंबरमध्ये कामानिमित्त हॅरिसबर्गला येतोय, तिथून एलिसबर्ग दीड तासाच्या आत दिसतंय. फीनिक्सवर कुठे आणि कधी बसू तेवढं सांगा. मत बदललं तर इथेच लिहीन, नाही बदललं तरी लिहीन.

लाकडीरूळ

निघायच्या आधी ते कुठल्या दिवशी उघडे आहेत ते बघून घ्या, शाळा सुरू झाल्या की रोज चालू नसतं. बसायचं शेवटच्या डब्यात. दुपारी एकदा बसा आणि मग अंधार पडल्यावर पुन्हा. दिवसभर धावून चाकं गरम झालेली असतात, गाडी जास्त पळते, आणि बोगद्यातून बाहेर आल्यावरही बाहेर काळोखच असतो.