ऑडिओग्राम नॉर्मल, पण गोंगाटात बोललेलं कळत नाही. पुढे कोणती तपासणी करावी?

नमस्कार मंडळी,

प्रश्न नवऱ्याच्या कानांचा आहे. वय ४१, राहणार पुणे. घरात शांतता असेल तर माझं पुटपुटणंही (नको तेव्हा) बरोबर ऐकू येतं. पण लग्नाचा हॉल, हॉटेल, चार जण एकदम बोलणारी मीटिंग... की संपलं. परवा एक्झॉस्ट फॅन चालू होता, मी म्हटलं, "थोडं आलं किस." हा दाराकडे बघत, "कोण आलं?"

ईएनटीकडे जाऊन आलो. मळ नाही, पडदा ठीक. ऑडिओमेट्रीत (कोणत्या पट्टीचा किती बारीक आवाज ऐकू येतो, ती तपासणी; तिचा आलेख म्हणजे ऑडिओग्राम) २५० ते ८००० हर्ट्झपर्यंत दोन्ही कान २० डेसिबलच्या आत, म्हणजे नॉर्मल. डॉक्टर हसून म्हणाले, "बायकोचंच ऐकू येत नसेल!" विनोद ठीक, पण पाचशे रुपये न देता हा मी घरीही ऐकते.

नवरा कॉलेजपासून पथकात ताशा वाजवतो, कानात कधी काही घातलं नाही. विसर्जनानंतर कान दिवसभर गुंई करायचे, मग मोकळे व्हायचे. म्हणून वाचायला घेतलं. २००९ साली बोस्टनमध्ये कुजावा आणि लिबरमन यांनी उंदरांना मोठा आवाज ऐकवला. ऐकण्याची पातळी काही दिवसांत पूर्ववत झाली, पण कानातल्या केसपेशी (आवाज टिपणाऱ्या पेशी) आणि श्रवणमज्जातंतू यांच्यातले बरेच जोड कायमचे गेले होते. बंद खोलीतली बारीक 'टूं' ऐकायला उरलेले जोड पुरतात. गोंगाटातून शब्द वेचायला पुरत नसावेत. माणसात हे खात्रीने दाखवणारी तपासणी अजून नाही, त्यामुळे 'हेच झालंय' असं मी म्हणत नाही. दोष मेंदूच्या आवाज उलगडण्यातही असू शकतो, किंवा ८००० हर्ट्झच्या वरच्या, तपासणीत न मोजलेल्या आवाजांत.

तर विचारायचं हे:

गोंगाटात शब्द ओळखण्याची चाचणी मराठीतून पुण्या-मुंबईत कोण करतं? इंग्रजी शब्दांवर त्याची परीक्षा नको. वांद्र्याच्या अली यावर जंग या श्रवणदोषांवर काम करणाऱ्या सरकारी संस्थेत मोठ्या माणसांसाठी कुणी गेलंय का? ओएई (आतल्या कानातून परत येणारा बारीक आवाज मोजणारी तपासणी), बेरा (आवाजाचा संदेश मज्जातंतूतून मेंदूकडे कसा जातो ते बघणारी) आणि १६००० हर्ट्झपर्यंतची ऑडिओमेट्री एकाच ठिकाणी होते का?

आणि ताशेवाल्यांनो, तो ताशा सोडणार नाही, हे गृहीत धरा. वादकांसाठीचे इअरप्लग लावून वाजवताना ढोलाचा ठेका नीट कळतो का? सराव सुरू व्हायच्या आत घ्यायचे आहेत.

लसणाचं तेल कृपया सुचवू नये, सासूबाईंनी सुचवून झालंय.